मोबाइलवरची खाती सुरक्षित कशी करावीत, आणि फोन बदलताना आपणच बाहेर कसे राहू नये

मोबाइलच्या सुरक्षिततेवर लिहिणारे बहुतेक जण चोराला बाहेर कसे ठेवावे एवढे सांगून थांबतात. मालकाला आत कसे येता येईल, हा प्रश्न मात्र फोन हरवल्यावर किंवा बदलल्यावरच निघतो. घरच्यांचे आणि ओळखीच्यांचे नवे फोन लावून देण्याचे काम गेली अनेक वर्षे माझ्याकडे येत आले आहे. या काळात कुलूप फोडून कोणी आत शिरल्याच्या तक्रारी मी मोजक्याच ऐकल्या, पण स्वतःच्याच खात्याच्या दाराशी ताटकळत बसलेली माणसे वारंवार पाहिली, आणि एकदा त्यांच्यात मीही होतो. म्हणून पुढे सोप्या पायऱ्या थोडक्यात उरकल्या आहेत आणि जिथे खरोखर पाय घसरतो तिथे वेळ घेतला आहे.

पहिली पायरी: पडद्याचे कुलूप

सहा अंकी पिन ठेवावा. चार अंकांत दहा हजार शक्यता असतात, सहा अंकांत दहा लाख. पण जन्मतारीख किंवा वाहनाचा क्रमांक वापरला तर या हिशेबाला काही अर्थ उरत नाही. पॅटर्न वापरू नये, हे माझे ठाम मत आहे. नऊ ठिपक्यांतून ३,८९,११२ आकृत्या निघू शकतात हे खरे. परंतु बहुतेक लोक कोपऱ्यातून सुरुवात करून एखादे ओळखीचे अक्षर काढतात, आणि बोटाचा तेलकट माग काचेवर राहतो. योग्य प्रकाशात छायाचित्र काढले की हा माग वाचता येतो, हे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्येच दाखवून दिले आहे. शंका असेल त्याने फोन बंद करून खिडकीपाशी तिरका धरून पाहावा.

‘ठसा लावला आहे, आता पिन साधा असला तरी चालेल’ हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. ठसा आणि चेहरा या सोयी आहेत. त्यांच्या मुळाशी पिनच असतो. फोन बंद करून पुन्हा सुरू केला, आयफोन सलग ४८ तास उघडला नाही किंवा ठसा पाच वेळा जुळला नाही, तर फोन पिनच मागतो. शिवाय ज्याला पिन ठाऊक आहे तो सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःचा ठसाही नोंदवू शकतो. गर्दीत खांद्यामागून पिन पाहून मग फोन पळवण्याचे प्रकार वाढल्यामुळेच ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ सोबत ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ आणले. ते सुरू असताना फोन नेहमीच्या ठिकाणापासून दूर असेल, तर खात्याचा पासवर्ड बदलण्यासाठी ठसा किंवा चेहरा लागतो, तासभर थांबावे लागते आणि पुन्हा ओळख पटवावी लागते. ही सोय सुरू आहे का ते पाहावे. काही नव्या अँड्रॉइड फोनांत अशीच सोय ‘आयडेंटिटी चेक’ या नावाने मिळते.

दुसरी पायरी: ठसा आणि चेहरा

दोन्ही हातांचे एकेक बोट नोंदवावे आणि स्क्रीन गार्ड बदलला की ठसे पुसून नव्याने नोंदवावेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅमसंग गॅलक्सी एस१० वर काही सिलिकॉनची कव्हरे लावल्यास कोणाच्याही बोटाने फोन उघडत असल्याचे समोर आले आणि कंपनीला दुरुस्ती पाठवावी लागली. अनोळखी चेहरा जुळण्याची शक्यता ॲपल दहा लाखांत एक एवढी सांगते, ठशासाठी पन्नास हजारांत एक. मात्र जुळी भावंडे आणि तेरा वर्षांखालील मुले यांच्याबाबत चेहऱ्यावर विसंबू नये, हेही तीच कंपनी सांगते. अँड्रॉइडवर एक सोपी खूण आहे. चेहऱ्याने पडदा उघडतो, पण बँकेचे ॲप तोच चेहरा नाकारून ठसा मागते, असे होत असेल तर त्या फोनची चेहरा ओळखण्याची पद्धत बहुधा कच्ची आहे. ती बंद करावी.

तिसरी पायरी: बंद पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसणार नाही असे करावे, नाहीतर ओटीपी वाचायला फोन उघडण्याचीही गरज उरत नाही.

चौथी पायरी: सिमचे कुलूप

फोन कितीही बंदिस्त असला तरी त्यातले सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की तुमचे ओटीपी तिकडे येऊ लागतात. त्यासाठी सिमला वेगळा पिन लावता येतो. तो लावताना आधीचा पिन विचारला जातो आणि तिथे अंदाजाने आकडे टाकू नयेत. तीन वेळा चुकले की सिम आठ अंकी पीयूके, म्हणजे अडकलेले सिम उघडण्याचा क्रमांक, मागते आणि पीयूके दहा वेळा चुकला की ते सिम कायमचे बाद होते. मोबाइल कंपनीकडून दोन्ही क्रमांक आधी मिळवावेत, मगच या सेटिंगला हात लावावा.

पाचवी पायरी: ओटीपीकडून ऑथेंटिकेटरकडे

सिमचा पिन चोराला थोपवतो. पण कोणी तुमच्या नावाने कंपनीकडून दुसरे सिमच काढून घेतले तर त्याचा काही उपयोग होत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचे ट्विटर खाते त्यांच्या मोबाइल क्रमांकावर ताबा मिळवूनच वापरले गेले. तरीही जिथे एसएमएसशिवाय पर्याय नाही तिथे एसएमएस चालू ठेवावा. नुसत्या पासवर्डपेक्षा तो केव्हाही बरा. जिथे पर्याय आहे तिथे ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनचे अंक फोनवरच तयार करणारे ॲप, लावावे आणि त्याची खात्री पटल्यावर एसएमएसचा मार्ग काढून टाकावा. पुढच्या दाराला भक्कम कुलूप लावून मागचे दार उघडे ठेवणारे बरेच जण मी पाहिले आहेत.

ऑथेंटिकेटर कसे चालते हे एकदा नीट समजले की पुढचे निम्मे घोळ टळतात. सेवेच्या पानावर जो क्यूआर कोड दिसतो त्यात एक गुप्त चावी असते. ती चावी आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून ॲप दर ३० सेकंदांनी सहा अंक तयार करते. सेवेकडेही तीच चावी असल्यामुळे तिकडे तेच अंक निघतात. २०११ पासून ही रीत आरएफसी ६२३८ या मानकात लिहिलेली आहे. इंटरनेट किंवा सिम यांचा तिच्याशी संबंध नाही, आणि कोणता फोन अंक दाखवतो आहे हे सेवेला कळतही नाही. अंक बरोबर टाकूनही नाकारले जात असतील तर आधी फोनची वेळ पाहावी. हाताने लावलेले घड्याळ काही मिनिटे पुढेमागे असते. तारीख आणि वेळ आपोआप घेण्याची सेटिंग सुरू करावी.

सहावी पायरी: चावी जपणे आणि नव्या फोनवर नेणे

माझी चूक इथेच झाली. नवा फोन आला, बॅकअपवरून सगळी ॲप्स उतरली, छायाचित्रे आणि संपर्क आले, ऑथेंटिकेटरचे चिन्हही जागेवर दिसले. मी समाधानाने त्याच संध्याकाळी जुना फोन रीसेट केला. दुसऱ्या दिवशी एका सेवेने सहा अंक मागितले, मी ॲप उघडले, तर पांढऱ्या पडद्यावर खाली फक्त अधिकचे चिन्ह होते. ॲप आले होते, चाव्या आल्या नव्हत्या. त्यानंतर अकरा दिवस ई-मेल, जुन्या पावत्या आणि ओळखपत्राची छायाचित्रे पाठवण्यात गेले. एक खाते मात्र कायमचे गेले, कारण ते माझेच आहे हे सिद्ध करायला माझ्याजवळ काहीच नव्हते.

अनेक ऑथेंटिकेटर ॲप्स गुप्त चाव्या फोनच्या साध्या बॅकअपमध्ये मुद्दाम घालत नाहीत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. गूगल ऑथेंटिकेटरने एप्रिल २०२३ मध्ये खात्याशी जोडून चाव्या ठेवण्याची सोय दिली. ती सुरू असेल तर त्या नव्या फोनवर येतात. पण त्यामुळे प्रश्न सुटला असे समजू नये. त्या गूगल खात्यात शिरायला लागणारे अंकही त्याच ऑथेंटिकेटरमध्ये असतील तर तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहिली. म्हणून ‘सगळे क्लाउडवर आहे’ असे कोणी सांगितले की मी एकच प्रश्न विचारतो: हातात एकही जुने उपकरण नसताना त्या क्लाउडमध्ये तुम्ही कसे शिरणार?

याचे उत्तर कागदावर असते. नवे खाते जोडताना क्यूआर कोडच्या आसपास ‘स्कॅन करता येत नाही’ अशा अर्थाचा दुवा असतो. तो दाबला की तीच चावी अक्षरांच्या लांब ओळीत दिसते. ती ओळ चार-चार अक्षरांचे गट पाडून कागदावर उतरवावी, शेजारी सेवेचे नाव आणि तारीख लिहावी. या चावीत इंग्रजी वर्णमालेतली अक्षरे आणि २ ते ७ हेच अंक येतात, शून्य आणि एक येतच नाहीत. त्यामुळे गोल आकार दिसला तर तो ‘ओ’ आणि उभी रेघ दिसली तर ती ‘आय’ किंवा ‘एल’, हे लक्षात ठेवावे. पुढे कधी सगळेच फोन गेले तरी कोणत्याही ऑथेंटिकेटरमध्ये ही ओळ टाकली की अंक पुन्हा सुरू होतात. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवू नये. तो फोटोंबरोबर कुठे कुठे जातो याचा हिशेब राहत नाही.

याच बैठकीत सेवेचे बॅकअप कोडही घ्यावेत. गूगल असे दहा कोड देते; प्रत्येक कोड एकदाच चालतो आणि नवा संच काढला की जुना संच रद्द होतो. वापरलेला कोड लगेच खोडावा. मला एकाने मोठ्या खात्रीने दाखवलेल्या कागदावरचे सगळे कोड रद्द झालेले होते, कारण मधे कधीतरी त्याने नवा संच काढला होता आणि तो छापलाच नव्हता. हे कागद घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत. फोनच्या कव्हरमागे किंवा त्याच ई-मेलच्या मसुद्यात ठेवू नयेत.

आता प्रत्यक्ष हलवण्याचा क्रम. दोन्ही फोन चार्ज असावेत आणि दोन्हींची वेळ आपोआप घेतलेली असावी. जुन्या ॲपमध्ये खाती निर्यात करण्याची सोय असेल तर ती निवडून पडद्यावर येणारा क्यूआर कोड नव्या फोनने स्कॅन करावा. खाती जास्त असली तर एकामागून एक असे अनेक क्यूआर कोड येतात. पहिलाच स्कॅन करून ‘झाले’ म्हणणारे पुढची सगळी खाती मागे ठेवतात. नंतर दोन्ही फोन शेजारी ठेवून एकेका नावासमोरचे सहा अंक ताडून पाहावेत. एकाच क्षणी दोन्हीकडे तेच अंक असतील तर चावी नीट उतरली. एवढ्यावर थांबू नये. संगणकावर खासगी विंडो उघडून नव्या फोनच्या अंकांनी निदान मुख्य ई-मेलमध्ये शिरून दाखवावे, आणि हे करत असताना दुसरीकडे उघडे असलेले लॉगिन बंद करू नये. सुरुवात ई-मेलपासूनच करावी, कारण बाकीच्या सेवांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात.

निर्यातीची सोय नसलेल्या ॲपमध्ये प्रत्येक सेवेच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन नवा क्यूआर कोड घ्यावा लागतो. काम कंटाळवाणे आहे, तरी निर्धोक आहे. नवी चावी मान्य होताच जुनी निरुपयोगी होते, म्हणून कागदावरची जुनी ओळ त्याच क्षणी खोडून नवी लिहावी. दिवसाला चार-पाच खाती घेतली तर चुका कमी होतात.

सातवी पायरी: पासकी

ऑथेंटिकेटरचा एक दोष मान्य करावाच लागतो: खोट्या पानावर टाकलेले सहा अंक ते पान चालवणारा तीस सेकंदांत खऱ्या पानावर वापरू शकतो. पासकीत, म्हणजे पासवर्ड न टाकता फोनच्या कुलपानेच लॉगिन करण्याच्या पद्धतीत, ही फट राहत नाही. खासगी चावी तुमच्या फोनमध्ये किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये राहते, सेवेकडे फक्त तिची सार्वजनिक जोडचावी जाते, आणि पासकी ज्या संकेतस्थळासाठी बनली त्याशिवाय दुसरीकडे ती चालत नाही. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मे २०२२ मध्ये तिला एकत्र पाठिंबा जाहीर केला. जिथे मिळेल तिथे ती घ्यावी; मात्र बनवताना ती कुठे साठवली जाते आहे हे त्या चौकटीत वाचावे, कारण घाईत ‘पुढे’ दाबणाऱ्याला आयफोनवरून अँड्रॉइडवर गेल्यावर आपली पासकी कुठे आहे हेच सापडत नाही. दुसऱ्या एखाद्या उपकरणावरही एक पासकी बनवून ठेवावी. ती फोनच्या पिननेही उघडते, म्हणून पहिली पायरी टाळलेली असेल तर इथवरच्या कष्टांचा फारसा उपयोग नाही.

आठवी पायरी: जुना फोन

निदान पंधरा दिवस तो तसाच ठेवावा. वर्षातून दोनदाच लागणारी खाती याच काळात आठवतात. मग प्रत्येक खात्याच्या विश्वासू उपकरणांच्या यादीतून त्याचे नाव काढावे, फोनवरच्या मुख्य खात्यातून बाहेर पडावे, नाहीतर तो ज्याच्या हाती जाईल त्याच्याकडे तो तुमचाच पासवर्ड मागत बसेल. रीसेटचे बटण दाबण्यापूर्वी जुने ऑथेंटिकेटर शेवटचे एकदा उघडून वरपासून खालपर्यंत सरकवावे, आणि नव्या फोनवर व कागदावर नसलेले एकही नाव त्यात उरले नाही, हे बोट ठेवून मोजावे.