डिप्लोमसीत युतीचा पक्का शब्द कधी द्यायचा

डिप्लोमसी या बोर्ड गेममध्ये नवीन खेळणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'पहिल्याच बोलण्यात एक दोस्त पकड आणि शेवटपर्यंत सोडू नको'. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. बोलणी लगेच सुरू करा, शब्द मात्र उशिरा द्या. सात देश, नकाशावर ताब्यात घ्यायची ३४ सेंटर, १८ घेतली की जिंकलात, आपल्या युनिटच्या (आर्मी आणि फ्लीट) ऑर्डर गुपचूप लिहून सगळ्यांच्या एकदम उघडायच्या, एवढं माहितीये असं धरून पुढे लिहितोय.

१) १९०१ च्या स्प्रिंगआधी (खेळ १९०१ पासून सुरू होतो, दर वर्षी स्प्रिंग आणि फॉल अशा चालींच्या दोन फेऱ्या) सहाही जणांशी बोला, ज्याची सीमा तुम्हाला लागत नाही त्याच्याशीसुद्धा.

२) ज्याच्याशी जमवायचंय त्याला तुम्हाला सोडून दुसरीकडे वाढायला जागा आहे का ते बघा. नसेल तर तो कितीही गोड बोलू दे, पुढचा.

३) आता खरा अवघड भाग, आणि मलाही हाच समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिल्या ऑर्डर उघडल्या आणि समोरचा बोलला तसाच वागला की लोक लगेच खूश होतात. पण फ्रान्स स्पेन-पोर्तुगालकडे गेला यात तुमच्यावर कसले उपकार, तो तसाही जाणारच होता! बघायचं ते हे, की तुमच्यासाठी त्याने काही हातचं सोडलं का. तोपर्यंत सगळी बोलाचीच कढी.

जर्मनी आणि रशियाचं घ्या. जर्मनीचं फ्लीट स्प्रिंगमध्ये कीलहून डेन्मार्कला येतं, रशियाचं स्वीडनवर डोळा ठेवून गल्फ ऑफ बॉथनियात. फॉलमध्ये जर्मनीने डेन्मार्कहून स्वीडनची ऑर्डर दिली की दोघं बाउन्स, म्हणजे टक्कर होऊन जिथल्या तिथे, रशियाचं मिळणारं एक सेंटर गेलं आणि डेन्मार्क जर्मनीकडेच राहिलं, म्हणजे अडवायला जर्मनीला काहीच पडत नाही. तरी त्याने अडवलं नाही तर ती खरी किंमत मोजली. आता पाळी रशियाची, आणि उत्तर मिळतं विंटरच्या बिल्डमध्ये, म्हणजे वाढलेल्या सेंटरवर नवीन युनिट बांधतात तेव्हा. सेंट पीटर्सबर्गच्या उत्तर किनाऱ्यावर फ्लीट बांधलं तर रोख नॉर्वे आणि इंग्लंडकडे, जर्मनीने निर्धास्त शब्द द्यावा. दक्षिण किनाऱ्यावर बांधलं तर ते परत बॉथनियातच उतरणार, म्हणजे जर्मनीच्याच बाजूला, मग कसली युती. वॉर्सात आर्मी आली तर तो म्हणेल ऑस्ट्रियासाठी आहे, असेलही, पण वॉर्साहून जसं गॅलिशियात जाता येतं तसंच जर्मनीच्या सायलेशिया आणि प्रशियातही, तेव्हा अजून एक स्प्रिंग थांबा.

म्हणून माझं ठाम मत, शब्द द्यायची वेळ म्हणजे १९०१ चे बिल्ड दिसल्यावर आणि १९०२ च्या स्प्रिंग ऑर्डर लिहायच्या आधी. बोललेलं फिरवता येतं, बांधलेलं फ्लीट किनारा सोडून आतल्या जमिनीवर चढवता येत नाही. यापेक्षा फार ताणू नका, १९०३ पर्यंत नुसते बघत बसलात तर बाकीच्यांच्या जोड्या जमलेल्या असतात आणि तुम्ही एकटे पडता.

आणि शब्द दिलात की पूर्ण द्या. 'काही झालंच तर' म्हणून अर्धं सैन्य मित्राच्या सीमेवर ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्याने हल्ल्यालाही जोर राहत नाही आणि मित्रही बिथरतो. त्यापेक्षा मधली जागा दोघांनी रिकामी ठेवायचं ठरवा, इंग्लंड-फ्रान्स असाल तर इंग्लिश चॅनल. फक्त एक हिशोब दर फॉलआधी करा: त्याने आत्ता दगा दिला तर एका झटक्यात किती सेंटर घेईल? एकासाठी शहाणा खेळाडू सहसा चालू युती मोडत नाही, दोन मिळत असतील तर भले भले मोडतात, मग एक युनिट मागे घ्या आणि का घेतलं ते त्याला सरळ सांगा.

४) युती जगजाहीर करू नका. रशिया-तुर्कस्तान एकत्र आहेत असं दिसलं की बाकीचे घाबरून एक होतात, म्हणूनच ही जोडी कधीकधी ब्लॅक सीमध्ये ठरवून बाउन्स होते.

५) मित्र १३-१४ सेंटरवर आणि तुम्ही ८ वर अडकलात तर त्याला पुढचा सपोर्ट (त्याच्या चालीला आपल्या युनिटचा जोर) देण्याआधी आपल्याला एक सेंटर मागून घ्या. नाही म्हणाला तर त्याच फेरीत बाकीच्यांशी बोलायला लागा, तो १६ वर पोचायची वाट बघू नका.