तरुण संघात ‘लग्नाआधीचे संबंध’ हा टॉपिक कसा घ्यायचा

जालना, बीड, संभाजीनगर, कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) जा, हा विषय निघाला की पोरं खाली बघतात अन् पाळकसाहेब घड्याळाकडे. तरी घ्यायचाच असेल तर आधी चिठ्ठ्या मागवा. सगळ्यांना एकसारखा कागद, एकाच रंगाचे पेन, नाव टाकायचं नाही, नायतर खरे प्रश्न येतच नाहीत. पोरं-पोरी सोबत बसवा, फक्त पोरींना वेगळं घेऊन "सांभाळून राहा" म्हणायची आपल्याकडची पद्धत मला बिलकुल पटत नाही.

सुरुवात बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रापासून, प्रेषित पौलानं लिहिलेलं, अध्याय 6 आणि 7. लोक 6:18 वाचतात, जारकर्मापासून (लग्नाबाहेरच्या शरीरसंबंधापासून) पळा, अन् बायबल बंद. पुढचं वाचा की! शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे असं पौल म्हणतो, म्हणजे शरीर घाण म्हणून नाही तर मोलाचं म्हणून जपायचं. आणि 7:4 मध्ये बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार सांगून थांबत नाही, नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा पण लगेच सांगतो, त्या काळात हे लई मोठं होतं. मग योहानाच्या शुभवर्तमानाचा अध्याय 8 घ्या, व्यभिचारात सापडलेल्या बाईला दगड मारायचे का म्हणून येशूपुढं आणतात ती गोष्ट, अन् एवढंच विचारा, बाईला धरून आणलं, माणूस कुठंय? विचारून गप्प बसा, पोरीच बोलायला लागतात. येशू दगड मारू देत नाही पण यापुढे पाप करू नको असंही सांगतो, त्यातलं अर्धं गाळू नका.

एक चिठ्ठी हमखास येणार, साखरपुडा झालाय, आता काय हरकत? कॅथलिक शिकवण सरळ नाही म्हणते, आपल्याकडच्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्याही तेच. वेगळं बोलणारेही आहेत, 1963 मध्ये ब्रिटनमधल्या काही क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) लोकांनी लिहिलं होतं की नात्यात एकमेकांचा वापर होतोय का ते बघा, नुसता नियम नको. हे लपवू नका, पोरं मोबाईलवर वाचायलेतच. मी मात्र जुन्याच बाजूचा, कारण साखरपुडा मोडला की पोराला महिन्यात दुसरं स्थळ येतं अन् पोरीच्या नावानं गावभर चर्चा.

वयाचं स्पष्ट सांगा, 18 च्या आत पोरगी हो म्हणाली तरी पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. ऊसतोडीला जायच्या आधी घाईत लग्न उरकलं असलं तरी सुटका नाही, सुप्रीम कोर्टानं 2017 मध्येच ते सांगितलंय.

जबरदस्तीची चिठ्ठी निघाली तर मोठ्यानं वाचू नका, अक्षर कुणाचं हे शोधत तर अजिबात बसू नका. खिशात ठेवा अन् जाता जाता सगळ्यांनाच 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा (चाइल्डलाइन) नंबर फळ्यावर लिहून द्या.