सीसीआर5 तोडलेल्या टी पेशी एचआयव्हीला खरंच अडवतात का, हे कसं तपासावं

सीडी4 टी पेशीत (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) शिरायला एचआयव्हीला पेशीवरच्या सीडी4 या प्रथिनाशिवाय आणखी एक ग्राही, म्हणजे विषाणू जिथे चिकटतो असं प्रथिन, लागतो, बहुतेक वेळा सीसीआर5. क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने त्याचं जनुक तोडणं आता फारसं अवघड नाही. संसर्ग अडला तो त्यामुळेच, हे सिद्ध करताना कस लागतो.

आधी दात्याचं जनुक पीसीआरने पाहा. डेल्टा32 प्रत (32 बेस-जोड्या गळालेली, म्हणून आधीच निकामी) असेल तर दुसरा दाता घ्या. सीडी4 पेशी सीडी3/सीडी28 बीड्स (टी पेशींना चेतवणारे चुंबकीय मणी) आणि आयएल-2 (त्यांना वाढवणारं प्रथिन) मध्ये दोन-तीन दिवस वाढवा, मग चुंबकाने बीड्स काढा. क्रिस्परची कात्री असलेलं कॅस9 प्रथिन आणि मोलच्या हिशेबात साधारण दुप्पट गाइड आरएनए (कात्रीला जागा दाखवणारा) 10 ते 20 मिनिटं एकत्र ठेवून इलेक्ट्रोपोरेशन करा, म्हणजे विजेच्या धक्क्याने ते पेशीत घाला. काही पेशी मरणारच. म्हणून तुलनेच्या पेशींनाही तोच धक्का द्या, फक्त कुठेच न चिकटणाऱ्या गाइडसह.

सीक्वेन्सिंगमध्ये 70 टक्के प्रती तुटलेल्या दिसल्या म्हणजे 70 टक्के पेशी सुरक्षित झाल्या असं नाही. दोन्ही प्रती तुटलेल्या पेशी अंदाजे 49 टक्केच, आणि एक प्रत शाबूत असली तरी विषाणूला दार उघडंच असतं. शेजारचं सीसीआर2 जनुक सीसीआर5 शी फार मिळतंजुळतं आहे, तेही तपासाच.

विषाणूचं काम बीएसएल-3 (कडक जैवसुरक्षेच्या) प्रयोगशाळेतच. तोडलेल्या आणि तुलनेच्या, दोन्ही पेशींचे दोन-दोन गट करा: एका गटाला सीसीआर5 वापरणारा बाल हा एचआयव्हीचा वाण, दुसऱ्याला सीएक्ससीआर4 हा दुसरा ग्राही वापरणारा एनएल4-3 वाण द्या. पेशी नीट धुवा, नाहीतर टाकलेल्या विषाणूचंच पी24 (एचआयव्हीचं एक प्रथिन) मोजत बसाल. मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या दिवशी एलायझा चाचणीने पी24 मोजा. बाल अडला आणि एनएल4-3 वाढला, तरच निकाल खरा. दोन्ही अडले तर बहुधा पेशीच आजारी आहेत.

सगळ्यात फसवी चूक बीड्सची. सीडी28 चा इशारा मिळाला की टी पेशी स्वतःच सीसीआर5 कमी करतात. बीड्स काढल्यावर लगेच संसर्ग केला तर न तोडलेल्या पेशींतही बाल वाढत नाही. आयएल-2 वर काही दिवस थांबा, आणि तुलनेच्या पेशींवर सीसीआर5 परतल्याचं फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरची प्रथिनं मोजणारी चाचणी) दिसल्यावरच विषाणू टाका.

एनएल4-3 सारखे विषाणूही अडवायचे असतील तर लेन्टिव्हायरल वेक्टरने (एचआयव्हीसारख्या विषाणूपासून बनवलेलं, जनुक पेशीत नेणारं वाहन) सी46 हे पेशीपटलावरचं पेप्टाइड द्यावं लागतं. ते विषाणूचं पेशीशी एकरूप होणंच रोखतं. मात्र पेशी एचआयव्हीबाधित दात्याच्या असतील तर दात्याचा विषाणू दाबायला माध्यमात घालायची औषधं जपून निवडा: रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आणि इंटिग्रेज ही विषाणूची विकरं रोखणारी औषधं वेक्टरलाही अडवतात. प्रोटिएज हे तिसरं विकर रोखणारं औषध इथे चालतं, कारण वेक्टर पेशीत पोचतो तोवर त्याचं प्रोटिएजचं काम उरकलेलं असतं.