दूध, कांदा, लसूण पचत नसेल तर काय करायचं (सोलापूरच्या जेवणात बसेल असं)

जेवल्यावर अर्ध्या-एक तासात पोट टम्म फुगतं, आतनं गुडगुड आवाज येतो, कळ येऊन पातळ होतं, आणि सोनोग्राफी केली की "सगळं नॉर्मल आहे" म्हणतात, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं तीन वर्षं असंच चाललं होतं. ऍसिडिटीची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, वर जिऱ्याचं पाणी, वर ओवा, आणि सासूबाई प्रेमानं म्हणायच्या "दूध पी की गं गार, पोट थंड राहतं". मी प्यायचे नि तासाभरात परत तेच. म्हणजे औषध म्हणून जे दूध पीत होते तेच सोसत नव्हतं, हे कळायला तीन वर्षं गेली.

आधी आत काय होतं ते सांगते, कारण ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचं एन्झाइम असतं, लहानपणी भरपूर, मोठेपणी बऱ्याच जणांचं कमी होतं. जगात साधारण दोनतृतीयांश मोठ्या माणसांचं कमी होतं आणि आपल्या देशात उत्तरेपेक्षा दक्षिणेकडं हे जास्त दिसतं, म्हणजे तुमच्यात काही वेगळं बिघडलंय असं नाही. न फुटलेली साखर तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, त्यातनं हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, कुणाच्यात मिथेन असे गॅस होतात, आणि ती साखर पाणीपण ओढून घेते म्हणून पातळ होतं. डोशाचं पीठ रात्रभर ठेवलं की कसं फुगून भांड्याबाहेर येतं, तेच पोटात. ही ऍलर्जी नाही बरं का. ऍलर्जीत एक थेंबपण चालत नाही, इथं किती खाल्लं ह्यावर सगळं आहे.

आणि हे फक्त दुधाचं नाही. कांदा, लसूण, गहू ह्यात फ्रुक्टन नावाच्या साखरेच्या साखळ्या असतात, हरभरा-वाटाणा-राजम्यात गॅलॅक्टो जातीच्या साखळ्या, ह्या तर कुणालाच पूर्ण पचत नाहीत, फक्त काहींना त्रास होतो काहींना नाही. सफरचंद, आंबा, कलिंगड, मध ह्यात फ्रुक्टोज, म्हणजे फळातली साखर, जास्त पडतं. शुगर-फ्री च्युइंगगम, काही पातळ औषधं ह्यात गोडीसाठी घातलेलं सॉर्बिटॉल. ह्या सगळ्यांना मिळून फॉडमॅप म्हणतात, ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी २००५ साली हे नाव दिलं.

आता कामाचं. पण त्याआधी एक गोष्ट हात जोडून सांगते, घरच्या घरी गहू सोडू नका. सीलिऍक नावाचा आजार असतो, त्यात गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याचं अस्तरच खराब होतं, आणि त्याची रक्ताची टीटीजी तपासणी गहू खात असतानाच बरोबर येते. आधी सोडला नि मग तपासलं तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. म्हणून पहिल्यांदा डॉक्टर, तपासणी, मग बाकी सगळं. वजन आपोआप उतरतंय, शौचातनं रक्त जातंय, रात्री झोपेतनं उठून जावं लागतंय, हिमोग्लोबिन सारखं कमी येतंय, ताप आहे, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हे सुरू झालंय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. तसंच लहान लेकरांचं जेवण स्वतःच्या मनानं तोडू नका. जुलाब होऊन गेल्यावर काही दिवस-आठवडे दूध सोसत नाही असं लेकरांत होतं, ते अस्तर भरलं की जातं, आणि अंगावरचं दूध तर बंद करायचंच नसतं.

लॅक्टोजसाठी श्वासाची टेस्ट असते, हायड्रोजन ब्रेथ टेस्ट, न पचलेल्या साखरेतनं झालेला हायड्रोजन श्वासात किती येतो ते मोजतात. मी पुण्याला जाऊन केली. पहिल्या वेळी आदल्या रात्री घरात मटकीची उसळ होती, मी भाकरीबरोबर पोटभर खाल्ली आणि पहाटे निघाले, तिथं नळीत फुंकल्यावर उपाशीपोटीच आकडा वर, म्हणाले आज होणार नाही, परत या. म्हणजे भाडं, सुट्टी सगळं पाण्यात, आणि आदल्या दिवशी काय खायचं नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगतेय : आदल्या दिवशी डाळी, उसळ, गहू, दूध, फळं नको, रात्री साधा पांढरा भात आणि अंडं किंवा चिकन, मग बारा तास काही नाही. महिनाभरात ऍन्टिबायोटिक घेतलेली नको. त्या सकाळी बिडी-सिगरेट नको, व्यायाम नको. दुसऱ्या वेळी मी हुतात्मा एक्सप्रेसनं आदल्या दिवशीच जाऊन नणंदेकडं राहिले. सकाळी २५ ग्रॅम लॅक्टोज पाण्यातनं देतात आणि दर थोड्या वेळानं फुंकायला लावतात, दोन-तीन तास जातात, पुस्तक घेऊन जा. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २० पीपीएमनं (दहा लाख भागांत २० भाग) वर गेलं तर पॉझिटिव्ह. माझं गेलं.

टेस्टला जाणं जमत नसेल तर, बाकीच्या तपासण्या नीट आल्या असतील तर, वही चालते. खरं सांगायचं तर मला टेस्टपेक्षा वहीनंच जास्त शिकवलं. माझ्या वहीतलं एक पान बघा : "मंगळवार. ७.०० चहा अर्धा कप. ८.३० पोहे, कांदा भरपूर. १०.१५ फुगलं, पँटचा हुक काढला. १.३० भाकरी, दोडका, ताक. काही नाही. ५.०० चहा, खारी. ६.०० थोडं गुडगुड. ९.०० वरणभात, लसणाची फोडणी, ठेचा. ११.०० कळ, दोनदा जाणं." एका दिवसावरनं काही कळत नाही, पण चौदा दिवसांची पानं समोर ठेवली की कांदा-लसूण आपोआप उठून दिसतो. किती वाजता, किती खाल्लं आणि किती वेळानं झालं, तिन्ही लिहा. पाळी, जागरण, टेन्शनपण लिहा, त्यानं फरक पडतो.

मग पुढं तीन टप्पे. दोन ते सहा आठवडे संशय असलेलं सगळं बंद. आराम पडला की एक-एक गोष्ट परत घ्यायची, तीन दिवस, पहिल्या दिवशी थोडी, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीची, आणि मधे दोन-तीन दिवस सुट्टी. त्यावरनं आपली यादी ठरते. बहुतेक लोक पहिल्याच टप्प्यात अडकून बसतात कारण बरं वाटतं, आणि वर्षानुवर्षं भात-दह्यावर राहतात. तसं करू नका, कळकळीनं सांगते. पोटातल्या चांगल्या जिवाणूंनापण हे बंद केलेलंच खाणं लागतं, आणि माणूस अशक्त होतो. जमलं तर आहारतज्ज्ञाला विचारून करा.

आता आपलं सोलापूर. आपण नशीबवान आहोत कारण ज्वारी. भाकरीत ग्लुटेन नाही, फ्रुक्टन कमी, आणि मंगळवेढ्याची मालदांडी घरोघरी. ज्याला चपाती जड जाते त्यानं टीटीजी तपासणी झाल्यावर पंधरा दिवस दोन्ही वेळ भाकरीवर राहून बघावं, कडक भाकरी तर डब्यात, प्रवासात कुठंही चालते. भोगीला बाजरीची भाकरी चालते, पण भोगीच्या भाजीत पावटा, घेवडा, ओला हरभरा असतो, तिथं मी वांगं-गाजर वेचून घेते आणि रस्सा थोडाच.

थोडाच का, ते सांगते, कारण इथं मी खूप दिवस चुकत होते. मी रश्शातले कांद्याचे तुकडे बाजूला काढून खायचे आणि तरी त्रास व्हायचा, मला कळंना का. फ्रुक्टन पाण्यात विरघळतात. म्हणजे कांदा उकळला की तो पाण्यात उतरतो, तुकडे काढून उपयोग नाही. पण तेलात विरघळत नाहीत! म्हणून लसणाची चव पाहिजे तर असं करा : तेल थंड असतानाच त्यात लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या टाका, मंद गॅस, पाकळ्या सोनेरी झाल्या, वास घरभर सुटला की झाऱ्यानं एक-एक पाकळी काढून टाका, एकपण ठेवू नका. मग त्याच तेलात मोहरी, जिरं, कढीपत्ता, हिंग. पाकळ्या काढायच्या आधी पाणी किंवा डाळ टाकायची नाही, नाहीतर सगळं परत उतरतं. हे तेल रोजच्या रोज करा, बाहेर बाटलीत भरून ठेवू नका, त्यात विषारी जंतू वाढू शकतात. कांद्याच्या जागी पातीचा फक्त हिरवा भाग घ्या, पांढरा नको. एवढं केल्यावर आमच्या घरात वेगळं जेवण करावं लागत नाही, सगळेच तेच खातात आणि कुणाला फरक कळत नाही.

शेंगाचटणीचं सगळ्यांना वाईट वाटतं. शेंगदाण्याचा त्रास नसतो, चमचा-दोन चमचे आरामात चालतात, त्रास त्यातल्या लसणाचा. घरी खलबत्त्यात कुटताना लसूण वगळून जिरं, तिखट, मीठ, चिमूटभर हिंग घाला आणि शेवटी वरचं लसणाचं तेल चमचाभर सोडून परत कुटा. तेल सुटेपर्यंत कुटायचं, त्याशिवाय ती आपली चटणी होत नाही. ज्यांना सीलिऍक आहे त्यांनी हिंगाच्या डबीवर बघावं, बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

डाळीचं म्हणाल तर सालीशिवायची मूगडाळ सगळ्यात हलकी. तूर, हरभरा रात्रभर भिजवून पाणी फेकून नवीन पाण्यात शिजवा, पदार्थ कमी गॅस करतो. मुगाला मोड आणले की सोसतात, वाटाणा-राजमा मात्र मी अजून लांबच ठेवलाय. गरगट्टा (पालेभाजी नि डाळ एकत्र घोटून करतात तो) मूगडाळीचा केला तर मला छान चालतो.

दुधाचं आता नीट बघा, कारण इथं लोक उगाच सगळं सोडतात. १०० मिली दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज, गाईचं असो की म्हशीचं, म्हशीचं दाट असतं म्हणून वेगळं असं काही नाही. बऱ्याच लॅक्टोज न पचणाऱ्यांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक कप दूध, जेवणाबरोबर घेतलं तर सोसतं. उपाशीपोटी गटागटा प्यालं तर नाही. अर्ध्या कप चहात दोन-अडीच ग्रॅम जातं, ते काहीच नाही, पण ऑफिसात दिवसाला सहा चहा पीत असाल तर बेरीज करा. घरचं दही, ताक चालतं कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोज फोडायला मदत करतात, दही-धपाटे खाऊन बघा, धपाट्यात लसूण नको एवढंच. तुपात लॅक्टोज जवळजवळ नाहीच. पनीर थोडं चालतं. खवा, पेढा, बासुंदी मात्र आटवलेलं, तिथं साखरपण दाट होते, लग्नात एक वाटी बासुंदी म्हणजे दोन ग्लास दूध समजा. खायचंच असेल तर लॅक्टेजची गोळी मिळते, ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण झाल्यावर घेऊन उपयोग नाही. दूध कमी केलं तर कॅल्शियम बघा, मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम लागतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, तीळ त्याहून कितीतरी जास्त, म्हणून माझ्याकडं तिळाची चटणी बारा महिने.

फळांत डाळिंब आपलंच, पण मूठभर दाणे एका वेळी, अख्खं मोठं फळ बसून खाल्लं तर त्यातले फ्रुक्टन जमतात. पपई, मोसंबी, संत्रं निवांत. केळं घट्ट असलेलं, काळे ठिपके पडलेलं नको.

आणि उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या पुढं जातो, त्यात जुलाब लागले तर माणूस झटकन गळतो. अशा वेळी कलिंगडाचा रस, आंब्याचा रस, बाटलीतलं सरबत देऊ नका, त्यातल्या फ्रुक्टोजनं अजून पाणी सुटतं. ओआरएस द्या. त्यातलं ग्लुकोज आणि मीठ आतड्यात जोडीनं आत जातं आणि पाणी बरोबर ओढून नेतं, म्हणून ते काम करतं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, पूर्ण एक लिटरचं असेल तर एक लिटरच. माझ्या पर्समध्ये दोन पाकिटं कायम असतात.

बाहेर खाताना गड्ड्याची जत्रा असो की कुणाचं जागरण-गोंधळ, मी घरनं थोडी भाकरी-चटणी खाऊन जाते आणि तिथं भजी एखादं, भेळ कांद्याशिवाय मागते. "कांदा नको" म्हणायला लाजायचं नाही. कुणी आग्रह केला तर "पोटाला सोसत नाही हो मावशी" एवढं बास, पूर्ण कहाणी सांगायची गरज नाही, लोक समजून घेतात, आता तर आमच्या गल्लीतल्या काकू मी यायच्या आधीच माझ्यापुरतं बिनलसणाचं वरण वेगळं काढून ठेवतात.

सध्या मी लसणाची अर्धी पाकळी भाजीत सोसते, पूर्ण एक नाही. चहा दिवसाला तीन. उन्हाळ्यात आंब्याच्या दोन फोडी खाऊन बघितल्या, काही झालं नाही, चारला झालं. पुढच्या महिन्यात चपाती परत सुरू करणार आहे, आधी एक, फक्त दुपारी, आणि वहीत लिहून.