जाड माणसाला कुणाला न विचारता बसता यावं म्हणून

दवाखाने, वाचनालयं, सभागृहं यांना खुर्च्या-बाकं बसवून देणं हा माझा धंदा, आणि माझं स्वतःचं वजन एकशे तीस किलोच्या आसपास. कुठेही शिरलो की नजर आधी खुर्चीच्या हातांवर जाते. हात जवळ दिसले की मी उभाच राहतो. कुणी ‘बसा ना’ म्हटलं तर ‘नको, बरा आहे’ म्हणून मोकळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२२ मध्ये जगात दर आठ माणसांत एक लठ्ठ होता. तेव्हा असे उभे राहणारे थोडेथोडके नसणार. तुमच्या ताब्यात एखादी सार्वजनिक जागा असेल, तर हे वाचा.

आधी टेप घ्या. कॅटलॉगमधली रुंदी बरेचदा बाहेरून बाहेर मोजलेली असते, ती आपल्या कामाची नाही. गादीच्या जरा वर, एका हाताच्या आतल्या बाजूपासून दुसऱ्याच्या आतल्या बाजूपर्यंत मोजा. मांड्या अडकतात त्या तिथेच. नेहमीच्या खुर्चीत हे माप ४५-५० सेंटिमीटर निघतं. मी साठाच्या खाली सुचवत नाही.

‘मग हात काढूनच टाकू’ असं गिऱ्हाईक हमखास म्हणतं. अर्धं बरोबर आहे. बिनहाताची खुर्ची स्वस्त पडते आणि कुणालाही चालते. पण गुडघे दुखणाऱ्याला उठताना रेटा द्यायला हातच लागतो, आणि वजनदार माणसाचे गुडघे दुखत असण्याचा संभव अधिक. म्हणून दोन्ही ठेवा: काही बिनहाताच्या, काही रुंद आणि हातवाल्या. माझी आवडती युक्ती म्हणजे दीड-दोन माणसांचा बाक, दोन्ही टोकांना हात असलेला. त्यावर आई मूल घेऊन बसते, कुणी पिशव्या ठेवतो, मीही बसतो, आणि तो कुणासाठी आणलाय हे कुणाला कळत नाही. बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटरच्या खाली नको. खोल, मऊ सोफा तर मुळीच नको. त्यात बसणं सोपं, उठणं म्हणजे जाहीर कार्यक्रम.

वजनाची क्षमता विक्रेत्याकडून लेखी घ्या. ‘काही होत नाही साहेब’ हे उत्तर धरू नका. अमेरिकेतल्या ऑफिस-खुर्च्यांच्या चाचणीचं नेहमीचं मानक सुमारे १२५ किलोच्या माणसापर्यंतचं आहे. त्यापुढे सुमारे १८० किलोपर्यंत वेगळं मानक आहे. एकाच लोखंडी आडव्या नळीवर चार-पाच खुर्च्या असतील, तर सगळ्या भरल्यावर ती किती पेलते हे विचारा. पातळ प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात, त्या टाळा.

या जागा खोलीभर विखरून ठेवा. एका कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या चार रुंद खुर्च्या आणि वर पाटी, एवढं केलंत की तिथे कुणी बसणार नाही. मी तरी नाही.

जागा दवाखान्याची असेल, तर नुसत्या खुर्च्यांवर भागवू नका. रक्तदाबाचा मोठा पट्टा टेबलावरच हवा, कपाटात नव्हे. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटाच चढतो. २०२३ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत, ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावल्यावर वरचा आकडा जवळपास २० अंकांनी जास्त आला. वजनकाटा २०० किलोपुढचा घ्या आणि आडोशाला ठेवा.

स्वच्छतागृहात दार बाहेर उघडू द्या आणि आधाराचा दांडा नुसत्या टाइलमध्ये नाही, भक्कम भिंतीत रोवा.

‘अशाने लठ्ठपणाला उत्तेजन मिळतं’ असं कुणीतरी म्हणेलच. रुंद खुर्चीमुळे कुणाचं वजन वाढलेलं मी पाहिलं नाही. उलट ज्याला चालायला सांगितलंय, त्याला वाटेत टेकायला बाक नसेल तर तो घराबाहेर पडणारच नाही. शिवाय प्रश्न सोयीपुरता नाही. २००५ साली अमेरिकेत लेक जॉर्जमध्ये ‘इथन अॅलन’ ही पर्यटकांची बोट उलटून २० जण गेले. तिची प्रवासीसंख्या माणशी १४० पौंड, म्हणजे जेमतेम ६४ किलो धरून ठरवलेली होती. पुढे तिथल्या तटरक्षक दलाने हिशेबाचं वजन १८५ पौंड केलं.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. पक्क्या बसवलेल्या नाट्यगृहात प्रत्येक रुंद आसन शेजारच्याची जागा खातं. तिथे रांगेच्या टोकाच्या काही आसनांना वाटेकडचा हात वर उचलता येईल असा बसवा. अमेरिकेच्या सुगम्यता नियमांत टोकाच्या किमान ५ टक्के आसनांना हे सक्तीचं आहे. जागा तेवढीच राहते. मग तिकीट काढायच्या पानावर आसनाचं आतलं माप सेंटिमीटरमध्ये छापा आणि हात उचलणाऱ्या आसनांवर खूण करा, म्हणजे ‘माझ्या मापाचं आहे का हो?’ असा फोन कुणाला करावा लागणार नाही.