गुण मिळूनही मेडिकलची सीट हातची जाते: पालकांनो, या चुका टाळा

मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत १८० प्रश्न, ७२० गुण आणि तीन तास, एवढा भाग मुलाचा. दाखले, तारखा, पैसे आणि बँक हा भाग पालकांचा. घोळ होतो तो या कामांची अदलाबदल झाली की. घरात मॉक टेस्टचे गुण रोज विचारले जातात, पण नॉन-क्रिमी लेयरचा दाखला काढायला मुलालाच सेतूत पाठवतात. पुढे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची वेळ आली की तो मात्र मामा, काका आणि क्लासचे सर मिळून ठरवतात. महाराष्ट्रातल्या एमबीबीएस प्रवेशात दरवर्षी त्याच त्या चुका दिसतात. बहुतेक चुकांची सुरुवात परीक्षेच्या कितीतरी आधी झालेली असते.

बारावीला दुसऱ्या राज्यात नाव घालणे

ही सगळ्यांत महागडी चूक. शासकीय कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. राज्याच्या जागांसाठी महाराष्ट्राचे डोमिसाइल (अधिवासाचा दाखला) तर लागतेच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली असावी लागते. बोर्ड कोणतेही चालते, संस्था राज्यातली हवी. क्लाससाठी मुलगा राजस्थानात किंवा हैदराबादेत राहिला आणि बारावीचे नावही तिथल्याच शाळेत घातले, की हक्काचा राज्य कोटा सुटतो. कोट्याला गेला आणि कोटा गेला, हा विनोद प्रवेशाच्या रांगेत कुणालाच हसवत नाही.

केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीतले, सैन्यदलातले, राज्याबाहेर नेमणूक असलेले राज्य कर्मचारी अशा पालकांच्या मुलांना सवलती आहेत. पण प्रत्येक सवलतीची अट वेगळी आणि दाखलाही वेगळा. बेळगाव, बिदर, कारवार भागातल्या ८६५ वादग्रस्त गावांमधल्या मराठी मुलांसाठीही राज्यात थोड्या जागा राखून ठेवलेल्या असतात. राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतला पात्रतेचा भाग दहावीच्या निकालाआधी वाचायचा असतो, नीटच्या निकालानंतर नाही.

बारावीच्या गुणांकडेही डोळेझाक होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ३०० पैकी १५०, राखीव वर्गाला १२० गुण लागतात. १४९ म्हणजे नाही. टक्के वर ओढून मोजत नाहीत. आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला १७ पूर्ण हवीत. लवकर शाळेत घातलेल्या मुलांच्या पालकांनी हे आधीच मोजून पाहावे.

अर्ज सायबर कॅफेच्या भरवशावर सोडणे

अर्ज कॅफेत भरायला हरकत नाही. मोबाइल नंबर, ईमेल आणि पैसे मात्र घरचे हवेत. ओटीपी येतो नोंदवलेल्या नंबरवर, आणि तो नंबर कॅफेवाल्याचा असेल तर जुलैमध्ये त्याला शोधत फिरावे लागते. त्याहून मोठा फटका पैशाचा. अखिल भारतीय कोट्याचे आणि अभिमत विद्यापीठांचे प्रवेश करणाऱ्या केंद्रीय समितीची, म्हणजे एमसीसीची, अनामत रक्कम ज्या खात्यातून किंवा कार्डावरून भरली, त्याच खात्यात परत येते. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांसाठी ही अनामत दोन लाख रुपये असते. कॅफेवाल्याच्या कार्डावरून भरलेले दोन लाख त्याच्याच खात्यात परत जातात. पुढचा संवाद ज्याचा त्याने करायचा.

मुलाचे, आईचे आणि वडिलांचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेत जसे आहे तसेच भरा. आधारवर वेगळे असेल तर अर्ज निघण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या. फोटोच्या प्रती एकाच फोटोच्या जास्तीच्या काढा: पासपोर्ट आकाराच्या डझनभर, पोस्टकार्ड आकाराच्या पाच-सहा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. अर्जावर होता तोच फोटो प्रवेशाच्या दिवशीही मागतात. हॉल तिकीट परीक्षा झाली म्हणून रद्दीत टाकू नका, प्रवेशाच्या कागदांत ते लागते.

दाखल्यांना निकालानंतर हात घालणे

मे-जूनमध्ये सेतू केंद्रांवर आणि तहसीलमध्ये झुंबड असते. अकरावीच्या दिवाळीपर्यंत डोमिसाइल हातात हवे. राष्ट्रीयत्वासाठी पासपोर्ट चालतो, किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘भारतीय’ लिहिलेले असले तरी भागते. तो रकाना कोरा असेल तर शाळेतून आत्ताच दुरुस्त करून घ्या.

खरा वेळ खातो तो जात पडताळणीचा दाखला. जातीचा दाखला म्हणजे जात वैधता नव्हे, हे दरवर्षी कुणातरी पालकाला खिडकीवर कळते. मुलगा अकरावीत गेला की कॉलेजच्या शिक्क्याने पडताळणी समितीकडे प्रस्ताव टाका. वडिलांचे, काकांचे किंवा चुलत भावाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर वंशावळीसह जोडा, काम सोपे होते. काही वर्षी सरकारने अर्जाच्या पावतीवर प्रवेश देऊन नंतर मुदत दिलेली आहे. पण त्या भरवशावर बसू नये. मुदतीत दाखला आला नाही तर प्रवेश रद्द होतो.

नॉन-क्रिमी लेयर ३१ मार्चला संपते, त्यामुळे प्रवेशाच्या आर्थिक वर्षात चालणारे हवे. इथे आणखी एक मेख आहे. राज्यासाठी एक नमुना, एमसीसीसाठी केंद्राचा वेगळा. राज्यात चालणारा दाखला एमसीसीत दाखवला की ‘चुकीचा नमुना’ म्हणून उमेदवार खुल्या वर्गात जातो किंवा मिळालेली जागाच जाते. शिवाय राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या ओबीसी यादीत नसते. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा प्रवर्ग राज्याचा; त्यातला विद्यार्थी एमसीसीत खुल्या वर्गातून जातो, किंवा निकषांत बसत असेल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला काढतो. म्हणजे एकाच मुलाचे दोन ठिकाणी दोन प्रवर्ग असू शकतात. दोन्ही फायली वेगळ्या ठेवा.

एक वर्ष ड्रॉप घेतले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र, आणि सर्वांनाच ठरलेल्या नमुन्यातला वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. किरकोळ वाटतात, पण प्रवेशाच्या दिवशी धावपळ याच दोन कागदांसाठी होते.

गेल्या वर्षीच्या गुणांवर कॉलेज ठरवणे

‘अमक्याच्या मुलाला एवढ्या गुणांवर मिळाले’ हे वाक्य घरात बंद करा. २०२४ मध्ये देशभर तीस हजारांच्या आसपास मुले ६५० च्या वर होती. २०२५ चा पेपर इतका अवघड निघाला की पहिल्या क्रमांकाचेच गुण ६८६ होते आणि ६५० च्या वर शंभरसुद्धा मुले नव्हती. तेव्हा तुलना गुणांची नाही, ऑल इंडिया रँकची आणि राज्य गुणवत्ता क्रमांकाची करायची. आपल्या प्रवर्गाचा मागच्या दोन वर्षांचा प्रत्येक फेरीचा शेवटचा क्रमांक काढा. सीईटी सेल आणि एमसीसी दोघेही वाटपाच्या याद्या जाहीर करतात. तेवढ्यासाठी समुपदेशकाला पैसे मोजायची गरज नाही.

‘क्वालिफाय’ होणे म्हणजे जागा मिळणे नव्हे, हेही आजी-आजोबांना पेढे वाटण्याआधी सांगावे. २०२५ मध्ये २२ लाखांवर मुलांनी परीक्षा दिली, १२ लाखांवर पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा देशभर सव्वा लाखाच्या आसपास.

‘सुरक्षित’ कॉलेज वर टाकणे

पसंतीक्रमात सर्वाधिक नुकसान याच गैरसमजाने होते. संगणक यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या क्रमांकाला मिळू शकणारे पहिले कॉलेज देऊन थांबतो. वर अशक्य कॉलेज टाकले म्हणून खालचे जात नाही. उलट ‘हे तर नक्की मिळेल’ म्हणून एखादे कॉलेज वर टाकले, तर त्याच्या खालचे आवडते कॉलेज मिळत असूनही मिळत नाही. मुंबईचे केईएम पहिले हवे असेल तर क्रमांक पोहोचत नसला तरी ते पहिलेच लिहा.

यादी कागदावर दोन वेळा लिहून काढा. पहिली मुलाने एकट्याने लिहायची. दुसऱ्या यादीत पालकांनी फक्त पैसे आणि अंतर यांच्यावर शेरे मारायचे. मग एकत्र बसून अंतिम यादी. ‘इथे मिळाले तरी घेणार नाही’ असे कॉलेज यादीत नकोच. एमसीसीच्या दुसऱ्या फेरीपासून जागा नाकारली की अनामत जाते. उरलेल्या जागांच्या शेवटच्या, म्हणजे स्ट्रे फेरीत मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या नीटला बसण्यावरच बंदी येते. एमसीसीत प्रत्येक फेरीला यादी नव्याने भरायची असते, जुनी पुढे सरकत नाही.

नवे कॉलेज की जुने, हा प्रश्न हल्ली जास्त येतो. २०२४ मध्ये राज्यात दहा नवी शासकीय कॉलेजे सुरू झाली, गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाणा वगैरे. तिथे बहुधा जिल्हा रुग्णालयच शिकवण्याचे रुग्णालय असते. ओपीडीत रोज किती रुग्ण येतात, वसतिगृह आवारात आहे की गावात भाड्याच्या इमारतीत, शरीररचनाशास्त्राचे शिक्षक पूर्णवेळ आहेत का, हे तिथल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. डीनच्या केबिनपेक्षा मेसमध्ये खरी माहिती मिळते. शासकीय कॉलेजची पदवी आणि फी दोन्ही पाहता, नवे असले तरी ते खासगीच्या वर ठेवणेच बहुतेक घरांना परवडते.

दोन खिडक्यांचे नियम एकच समजणे

एमसीसी आणि सीईटी सेल यांच्या फेऱ्या समांतर चालतात, नियम वेगळे आहेत. एमसीसीच्या पहिल्या फेरीत जागा सोडली तरी काही तोटा नाही. जॉइन होऊन ‘अपग्रेड हवे’ म्हटले आणि पुढच्या फेरीत वरचे कॉलेज मिळाले, की आधीची जागा आपोआप रद्द होते. ती परत मिळत नाही. वरचे मिळाले पण आता आधीचेच बरे वाटते, असे म्हणायला वाव नसतो. राज्याच्या फेरीत मिळालेल्या कॉलेजवर समाधानी असाल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरतात. तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. काही मुले इतर कागदांच्या गठ्ठ्यात तो सही करून देतात आणि पुढच्या फेरीत नाव का नाही म्हणून विचारत बसतात. सही करण्याआधी फॉर्मचे शीर्षक वाचा.

एका ठिकाणची जागा सोडून दुसरीकडे जायचे असेल तर मुदत संपण्याआधी रीतसर राजीनामा द्या, त्याची ऑनलाइन पावती घ्या आणि मूळ कागद ताब्यात घ्या. दोन्हीकडचे वेळापत्रक एकाच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दोन रंगांनी लिहा. वेळापत्रक बदलते, म्हणून रोज संध्याकाळी दोन्ही संकेतस्थळे पाहणे हे एका पालकाचे ठरलेले काम असू द्या. मुलाचे नको.

फी एका वर्षाची मोजणे

एमबीबीएस साडेचार वर्षांचे, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. अभिमत विद्यापीठात वर्षाला २५ लाख असतील तर शिकवणी शुल्कच एक कोटी साडेबारा लाख होते, वसतिगृह आणि मेस वेगळे. पहिले वर्ष कसेबसे भरून ‘पुढचे पुढे बघू’ म्हणणारी घरे दुसऱ्या वर्षी शेत विकायला काढतात. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात आणि मालमत्तेचे कागद तपासायला आठवडे जातात. कर्जाची चौकशी परीक्षेआधीच करून ठेवा.

ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीतल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींना २०२४ पासून शिकवणी आणि परीक्षा शुल्क माफ आहे, खासगी कॉलेजातही. पण प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. संस्थास्तरावरील (मॅनेजमेंट) कोट्यात किंवा अभिमत विद्यापीठात ही सवलत नाही. आणि ‘मॅनेजमेंटची सीट बाहेरून करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. त्या जागाही केंद्रीभूत फेरीतूनच भरतात.

प्रवेशाच्या दिवशी डिमांड ड्राफ्ट मागणारी कॉलेजे अजून आहेत. शेवटची तारीख सोमवारी असेल तर ड्राफ्ट शुक्रवारी काढा.

परदेशाचा निर्णय रागात घेणे

निकालाच्या आठवड्यात एजंटांचे फोन सुरू होतात. परदेशी एमबीबीएससाठीही नीट पात्रता लागते. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत, आणि त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी मिळण्याइतकी ती पदवी वैध असावी लागते. परत आल्यावर एफएमजीई या परदेशी पदवीधरांच्या परीक्षेत ३०० पैकी १५० गुण हवेत. एजंटाला या चार अटींची लेखी उत्तरे मागा. माहितीपत्रक रंगीत असते, उत्तरे मात्र बहुधा तोंडीच येतात.

ड्रॉपचा निर्णय निकालाच्या संध्याकाळी घेणे

नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, कमाल वयाचीही नाही. म्हणून ‘अजून एक वर्ष’ हे फार सहज बोलले जाते. आधी उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची शेजारी ठेवा आणि मोजा: माहीत नव्हते म्हणून किती गेले, माहीत असून चुकले किती, वेळेअभावी सुटले किती. प्रत्येक चुकीच्या उत्तराला चार मिळत नाहीत आणि एक जातो, म्हणजे पाच गुणांचा फरक. माहीत असून चुकलेले वीस-पंचवीस प्रश्न असतील तर ड्रॉपमध्ये सुधारणेला जागा आहे. बहुतेक माहीतच नव्हते असेल तर बीएएमएस (आयुर्वेद), बीपीटीएच (फिजिओथेरपी) या गटांचे पर्यायही त्याच वर्षी राज्याच्या प्रक्रियेत भरून ठेवा. नंतर नको म्हणता येते, न भरलेले मागता येत नाही.

हे गणित मुलासोबत निकालानंतर चार-पाच दिवसांनी मांडा. त्याआधी घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला गुण सांगायची जबाबदारी पालकांनी स्वतःकडे घ्या, आणि मुलाला त्या खोलीत बोलावू नका.