स्वयंपाकघरातली सागवानी जमीन: पॉलिश करताना या चुका टाळा

चोपड्यातल्या आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघर माडीवर आहे, खाली सागाच्या फळ्या. दारांना लाखेचं पॉलिश छान दिसतं, म्हणून जमिनीलाही तेच करून घेतलं. पहिल्याच पावसाळ्यात माठाखाली तळहाताएवढा पांढरा डाग उमटला. पुरणाची गरम कढई खाली टेकली, तिथे कडं उठलं ते वेगळंच.

चूक पॉलिशवाल्याची नव्हती, निवड आमची होती. लाख दिसायला देखणी, पण पाणी आणि उष्णता दोन्हीपुढे ती नमते. मेलामाइन पॉलिश कपाटांसाठी ठीक. ते कडक असतं, पायाखाली फळी हलली की तडकतं. स्वयंपाकघराच्या जमिनीला पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिशच लावा, त्यातही हार्डनर (थर पक्का करणारं रसायन) मिसळून लावायचं दोन घटकांचं. चकचकीत नको, मॅट घ्या. चकाकीवर प्रत्येक ओरखडा दिसतो.

दुसरी चूक मुहूर्ताची. मे महिन्यात आपल्याकडे खानदेशात पारा ४५ च्या घरात जातो, लाकूड सुकून फळ्यांमध्ये फटी पडतात. त्या पाहून घाईने कडक पुट्टी भरू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पुट्टी फुटून वर येते. शिवाय त्या उन्हाळ्यात पीयूचा वरचा थर आधी सुकतो, आतला थिनर बाहेर पडताना बुडबुडे सोडतो. भर पावसात हवेतल्या ओलीचा त्रास. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यांत चांगले.

जमिनीवर आधी मेण लावलं असेल तर ते पूर्ण काढल्याशिवाय पीयू धरत नाही. नव्या सागाला स्वतःचं तेल असतं. पहिला हात मारण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या.

हाताला सुकलं म्हणजे झालं, असं समजू नका. दोन घटकांच्या पीयूला पूर्ण पक्कं व्हायला आठवडाभर लागतो, एका घटकाच्या, तेलावर आधारलेल्या पीयूला महिनाही. तोवर सतरंजी अंथरू नका, ओली फरशीपुसणीही नको. आणि गॅसची टाकी ओढत नेऊ नका, कधीच. तिच्या लोखंडी कड्यापुढे कुठलंच पॉलिश टिकत नाही. रबरी चाकांची गाडी आणा.

दर दिवाळीला ओट्यासमोर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर काही करू नका. पसरून लाकूड काळपट दिसू लागलं, तर तिथला थर गेला आहे, आता तासण्याला पर्याय नाही. म्हणून चमक मंद पडू लागली की तेव्हाच २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून एक हात मारून घ्या.